गॅझेट, गॅझेटियर आणि आबांची पत्र्याची पेटी



ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो ते गाळलंय आणि आकडे परत एकदा तपासून घातलेत. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय एका भांडणातून आला. भांडण आमच्याच घरातलं, फॅमिली ग्रुपवरचं.

दादाचा स्क्रीनशॉट

सप्टेंबर २०२५ आठवतो ना? मुंबईत आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू होतं. २ सप्टेंबरला सरकारनं हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय काढला, उपोषण सुटलं आणि साताऱ्याच्या गॅझेटचाही विषय पुढं आला. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ‘गॅझेट’ हा शब्द होता. आमच्या कोल्हापुरात तर लगेच प्रश्न आला, ‘मग आपलं गॅझेट कुठाय?’

माझ्या चुलत भावानं, म्हणजे दादानं, ग्रुपवर एक फोटो टाकला. पिवळट पान, इंग्रजी मजकूर, चार ओळींवर हायलायटर. खाली लिहिलेलं : ‘कोल्हापूर गॅझेट १९०२. खुद्द शाहू महाराजांनी लिहिलंय. आता बोला.’ दहा मिनिटांत आत्येभावानं दुसरा फोटो टाकला, तसंच पिवळं पान, पण अर्थ बरोब्बर उलटा. ‘हे पण कोल्हापूरचंच गॅझेट. वाचा.’

संध्याकाळपर्यंत दीडशे मेसेज. रात्री आत्या ग्रुपमधून बाहेर पडली. आणि काकांनी मला फोन केला, ‘तू कम्प्युटरवाला ना? बघ जरा, खरं कुठलं.’

मी इंजिनिअर आहे, इतिहासाचा माणूस नाही. पण बग शोधायची एक सवय असते. कुणी एररचा फोटो पाठवला, तर आम्ही आधी विचारतो : अख्खा लॉग कुठाय? फोटोवर विश्वास ठेवायचा नसतो, कारण फोटोत वरचं आणि खालचं कापलेलं असतं. इथंही तेच होतं. दोन्ही फोटोंत पानाचा माथा कापलेला. पुस्तकाचं नाव नाही, साल नाही, पान क्रमांक नाही.

मग मी ती पानं शोधायला बसलो, आणि त्यात तीन रविवार गेले.

करडं साहित्य म्हणजे काय

आपण दुकानातून विकत आणतो ती पुस्तकं. त्यांना प्रकाशक असतो, किंमत असते, जाहिरात असते. पण जगात छापलेल्या कागदाचा मोठा ढीग असा असतो की जो कधी दुकानात येतच नाही. सरकारी अहवाल, समित्यांचे अहवाल, जनगणनेचे खंड, संस्थानांचे वार्षिक कारभाराचे अहवाल, विद्यापीठातले प्रबंध, सोसायट्यांचे ताळेबंद, परिषदांची इतिवृत्तं. याला ग्रंथपाल मंडळी ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतात. मराठीत करडं साहित्य म्हणूया. १९९७ साली लक्झेंबर्गमध्ये एका परिषदेत त्याची व्याख्या ठरली. तिचा मतितार्थ इतकाच, की सरकार, विद्यापीठं, उद्योग यांनी तयार केलेलं, पण व्यापारी प्रकाशकाच्या ताब्यात नसलेलं लिखाण.

करडं का? तर ते धड गुप्त नसतं आणि धड उघडंही नसतं. छापलेलं असतं, पण तुमच्यामाझ्यासाठी नाही. एका अधिकाऱ्यानं दुसऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. आणि म्हणूनच त्यात मजा असते, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपण नसतो.

कोल्हापूरचं एक जुनं उदाहरण देतो. १८४४ साली इथं गडकऱ्यांचा उठाव झाला. सामानगड, भुदरगड, पन्हाळा अशा गडांवरचे वंशपरंपरेचे शिबंदीचे लोक इंग्रजांविरुद्ध उठले. तो मोडल्यावर संस्थानाच्या कारभारावर इंग्रजांची पकड घट्ट झाली. दहा वर्षांनी, १८५४ मध्ये, मेजर ग्रॅहम या अधिकाऱ्यानं कोल्हापूर संस्थानाचा जाडजूड सांख्यिकी अहवाल लिहिला. मुंबई सरकारनं आपल्या दप्तरातल्या निवडक कागदांची जी मालिका छापली, त्यात तो आला. विकायला नव्हे, सरकारच्या कामासाठी. ज्या मुलखात उठाव झाला तो मुलूख नीट मोजून घ्यायचा होता.

आता हा अहवाल फोनवर फुकट वाचता येतो. रंकाळ्यावर भेळ खाता खाता.

गॅझेट वेगळं, गॅझेटियर वेगळं

दादाच्या फोटोकडं येऊ. पहिली गोष्ट मला कळली ती ही, की आम्ही सगळे दीडशे मेसेज दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देऊन भांडत होतो.

गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचे हुकूम, नेमणुका, नियम ज्यात छापून जाहीर होतात ते. गॅझेटमध्ये आलं म्हणजे हुकूम लागू झाला. कोल्हापूर संस्थानाचं स्वतःचं होतं, करवीर सरकारचं गॅझेट.

गॅझेटियर म्हणजे वर्णनकोश. एखाद्या जिल्ह्यात नद्या किती, पिकं कुठली, लोक कोण, बाजार कुठं भरतात, इतिहास काय, याची माहिती गोळा करून केलेलं पुस्तक. मुंबई इलाख्याचं गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तयार झालं. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवायची आणि ठरलेल्या साच्यात बसवायची : भूवर्णन, लोकसंख्या, शेती, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय, शिक्षण, आरोग्य, शेवटी ठिकाणं. साताऱ्याचा खंड १९ वा, साल १८८५. कोल्हापूरचा खंड २४ वा, साल १८८६.

गॅझेट हुकूम देतं, गॅझेटियर वर्णन करतं. गॅझेटमधलं वाक्य राज्याचा निर्णय असतो. गॅझेटियरमधलं वाक्य म्हणजे कुणा अधिकाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं आणि त्यानं टिपून घेतलेलं. दोन्ही मोलाचं, पण दोन्हींचं वजन वेगळं. आणि जनगणना हा तिसराच प्रकार. तिथं माणसं मोजलेली असतात, आणि मोजताना रकाने कुणी ठरवले हा प्रश्न असतोच.

‘कोल्हडपूर’ नावाचं गाव

आता ती पानं सापडली कशी ते सांगतो, कारण हे तुमच्याही कामाला येईल.

पहिला अड्डा म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर काह्ल नावाच्या माणसानं १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं, सगळ्यांना खुलं. आपल्या देशात पूर्वी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा मोठा प्रकल्प होता, त्यात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. पुढं ती साइट बंद पडली, पण त्यातली बरीच पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर जाऊन बसली. त्यांच्या आयडीमध्ये बहुधा ‘डीएलआय २०१५’ असं दिसतं. ते पुस्तकाचं साल नाही बरं का. मी स्वतः फसलोय, म्हणून सांगतो.

मी सर्च केलं ‘कोल्हापूर’, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आज लिहितो तसं. निम्मं काही आलंच नाही. का? तर ग्रॅहमच्या काळात शेवटी डबल ओ लावायचे, ‘पूर’साठी पी-डबल ओ-आर. आणि कॅम्पबेलच्या गॅझेटियरमध्ये ‘हा’ हा दीर्घ उच्चार दाखवायला ‘ए’वर एक तिरकी रेघ दिलीय. छापताना ती छान दिसते. पण स्कॅनवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, त्या रेघेच्या ‘ए’ला ‘डी’ वाचतं! त्यामुळं कम्प्युटरच्या लेखी आपल्या गावाचं नाव ‘कोल्हडपूर’ झालंय. सातारा झालाय ‘सातडरा’.

मी ‘डी’ टाकून सर्च केलं आणि धबधबा उघडला. नाद खुळा!

मराठी पुस्तकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या जुन्या प्रकल्पात मराठी नावं रोमन लिपीत टाकताना दीर्घ ‘आ’साठी दोन ‘ए’, दीर्घ ‘ई’साठी दोन ‘आय’, मध्येच ॲपॉस्ट्रॉफी असली पद्धत वापरली. त्यामुळं साधं ‘मराठी’ टाकून मराठी पुस्तक सापडत नाही. दोन ‘ए’, दोन ‘आय’ टाकून बघा.

दुसरा अड्डा आपल्याजवळचाच, पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. १९३० साली सुरू झालेली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे आणि त्या ग्रंथालयानं जुन्या अहवालांचा मोठा साठा स्कॅन करून ऑनलाइन ठेवलाय. तिसरा अड्डा शोधगंगा. तिथं पीएचडीचे प्रबंध असतात, आपल्या शिवाजी विद्यापीठाचेसुद्धा. प्रबंधातलं सगळं पटलं नाही तरी चालेल, शेवटची संदर्भसूची वाचा. कुणीतरी पाच वर्षं धूळ खाऊन तो रस्ता तुमच्यासाठी आखून ठेवलेला असतो.

तर अशा खटपटीनंतर दोन्ही पानं मिळाली. सर्चमध्ये गावाचं नाव टाकण्यापेक्षा फोटोतलं एखादं विचित्र वाक्य जसंच्या तसं टाकलं, हा शेवटचा उपाय.

निकाल ऐका. दादाचं पान कोल्हापूरच्याच खंडातलं होतं, पण ते गॅझेट नव्हतं, गॅझेटियर होतं. साल १९०२ नव्हे, १८८६. आणि ‘खुद्द शाहू महाराजांनी लिहिलंय’? महाराजांचा जन्म १८७४ चा. १८८६ साली ते बारा वर्षांचे होते, राज्यकारभार हातात यायला अजून आठ वर्षं होती. आत्येभावाचं पान तर कोल्हापूरचं नव्हतंच. ते साताऱ्याच्या खंडातलं होतं. पानाच्या माथ्यावर तसं छापलेलं होतं, म्हणूनच कुणीतरी तो माथा कापला असणार.

मी ग्रुपवर दोन्ही अख्खी पानं टाकली. कुणाचंच मत बदललं नाही म्हणा. पण दादानं अंगठा दाखवला, तोही सरळ.

मग १९०२ चं काय?

पण दादाच्या डोक्यात १९०२ आलं ते हवेतून नाही. त्या सालचं खरं गॅझेट आहेच. करवीर सरकारच्या गॅझेटमधला २६ जुलै १९०२ चा हुकूम, ज्याचा उल्लेख आपण भाषणांत शंभर वेळा ऐकलाय. महाराज तेव्हा इंग्लंडला गेलेले, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी. आणि इकडं कोल्हापुरात हा हुकूम निघाला.

खरं सांगू? मी तो तोवर कधी वाचला नव्हता. कोल्हापुरात वाढलो, दसरा चौकातून रोज कॉलेजला गेलो, जयंतीला डीजेपुढं नाचलो, पण हुकूम वाचला नव्हता. नंतरच्या शाहू चरित्रांत तो छापलेला आहे, आणि कोल्हापुरातच विलास संगवे आणि बी. डी. खणे यांनी संपादित केलेल्या शाहू पेपर्सच्या खंडांमुळं असे मूळ कागद वाचायची सोय झालीय.

मला वाटलेलं, आत मोठमोठी वाक्यं असतील. समता, न्याय, क्रांती. तसलं काही नाही. जेमतेम पानभर मजकूर, एकदम कोरडा. मी माझ्या शब्दांत सांगतो.

आधी कारण : सगळ्या वर्गांत शिक्षण पसरावं म्हणून प्रयत्न केले, पण मागासलेल्या वर्गांत यश आलं नाही. शिकून नोकरी मिळणार असेल तर लोक शिकतील, आणि ते फळ आजवर फार थोड्यांच्या वाट्याला आलंय. मग नियम : हा हुकूम पोचल्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण पन्नासच्या खाली आहे, तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातलीच. मग व्याख्या : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे म्हणजे मागासलेले.

आणि एक कलम असं, की जे भाषणात कुणीच सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला, झालेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता सरकारकडं पाठवायचा.

मी इथं थांबलो. माझ्या कामातला रोजचा अनुभव सांगतो. नवा नियम करणं सोपं असतं. मीटिंगमध्ये सगळे माना हलवतात. पण दर तीन महिन्यांनी आकडा मागितला जाणार असेल, तरच तो नियम जिवंत राहतो. ज्यानं तिमाही तक्ता मागितला, त्याला माहीत होतं की कचेरीतले लोक हुकूम वाचून फाइलला लावतील आणि विसरतील. भाषणातल्या दहा वाक्यांपेक्षा मला ते एक रटाळ कलम जास्त धारदार वाटलं. स्क्रीनशॉटमध्ये ते कधीच येणार नाही, कारण त्यावर हायलायटर मारावासा कुणालाच वाटत नाही.

आकडे बघा. महाराज १८९४ साली गादीवर आले, तेव्हा सामान्य कारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, म्हणजे शंभरात ८४. कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडं फक्त १०. १९१२ साली अधिकारी ९५ आणि त्यात ब्राह्मण ३५, म्हणजे शंभरात ३७. हे आकडे इतिहासकारांच्या हाती लागले, कारण कुणीतरी मोजून ठेवले होते.

हुकूम एकटा नव्हता हेही लक्षात घ्या. १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहत होती, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा निर्णय झाला. नोकरी राखून ठेवायची तर ती भरायला शिकलेलं पोर हवं, आणि पोर शिकायचं तर त्याला गावाबाहेर राहायला जागा हवी. तिन्ही कागद शेजारी ठेवले की एकाच डोक्यातला आराखडा दिसतो.

फुल्यांचं स्पेलिंग

आता जरा कोल्हापूरच्या बाहेर जाऊ, कारण शाहू महाराजांच्या वीस वर्षं आधी हाच मुद्दा एका माणसानं मांडला होता, आणि तोही एका सरकारी अहवालाच्या पोटात दडलाय.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग भारतभर साक्षी घेत होता. पुण्यातून जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, ही तक्रार. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी.

हे निवेदन छापलं गेलं ते मुंबई प्रांतिक समितीपुढच्या साक्षींच्या सरकारी खंडात. खंडाच्या नावात फुले नाहीत. आणि नावाचं स्पेलिंग? पी-एच-डबल ओ-एल-ई-वाय. ‘फूली’ वाचावं असं! खाली ओळख दिलीय ती महात्मा म्हणून नाही, व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी. आजच्या स्पेलिंगनं सर्च करणाऱ्याला हा कागद सापडणार नाही.

बाबासाहेबांचंही तसंच. २७ जानेवारी १९१९ ला त्यांनी साउथबरो समितीपुढं मताधिकाराबद्दल साक्ष दिली. त्यांचं ‘मूकनायक’ निघायला अजून वर्ष होतं, माणगावची परिषद व्हायला चौदा महिने. म्हणजे आपले महापुरुष पुतळ्यात यायच्या आधी साक्षीदार म्हणून सरकारी खंडात आले. त्यांचा आवाज तिथं आहे तसा, जवळजवळ ताजा. सरकारला आपला अहवाल भरायचा होता, त्या भरतीत त्यांनी आपलं म्हणणं घुसवून ठेवलं.

जे ऑनलाइन नाही

इथपर्यंत ऐकून वाटेल, सगळं फोनवर आहे. नाही हो.

फोनवर जे सहज सापडतं ते बहुतेक इंग्रजीत. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याला जे विचारावंसं वाटलं ते. संस्थानाचा रोजचा कारभार चालायचा मराठीत, आणि जुना कागद मोडीत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी रुमालांचे ढीग आहेत. छापील मराठीवर ओसीआर लंगडतं, मोडीच्या हस्ताक्षरापुढं तर हात टेकतं. तिथं माणूसच लागतो.

याची किंमत आपण नुकतीच बघितली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. गावोगावच्या कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली आणि अचानक सगळ्यांना मोडी वाचणारे हवे झाले. ज्या लिपीला वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं, तिच्यावर लोकांच्या पोरांची ॲडमिशन अवलंबून राहिली. कागद रटाळ असतो तोवर रद्दी, आणि एक दिवस तोच पुरावा.

आणि नवे कागदही आपोआप उघडे होत नाहीत. पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्राकडं गेला. त्यात आपल्या जिल्ह्याचा डोंगरपट्टाही येतो. पण कित्येक महिने तो लोकांना दाखवलाच नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज, माहिती आयोग, कोर्ट, एवढं झाल्यावर मे २०१२ मध्ये तो साइटवर आला. या समितीचे अध्यक्ष माधव गाडगीळ म्हणजे मघाशी सांगितलेल्या धनंजयरावांचे चिरंजीव. वडिलांच्या नावाचं ग्रंथालय शंभर वर्षांपूर्वीचे अहवाल फुकट वाचायला देतं, आणि मुलाचा ताजा अहवाल वाचायला लोकांना भांडावं लागलं.

आबांची पेटी

शेवटची गोष्ट घरची.

माझे आबा पंचगंगेकाठच्या आमच्या गावात विकास सोसायटीचे सचिव होते. सोसायटीचा दरवर्षी अहवाल निघायचा : सभासद किती, कर्ज किती, थकबाकी किती, उसाला किती आणि म्हशींना किती. पंधरावीस पानांचा, गुलाबी कव्हरचा. आबा प्रत्येक वर्षाची एक प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. पेटी माळ्यावर. आम्ही पोरं त्या अहवालांची विमानं करायचो आणि शिव्या खायचो.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. पेटी आधीच्या वर्षी रंगकामात माळ्यावरून खाली आलेली, पलंगाखाली. पाणी उतरल्यावर आम्ही घर साफ केलं. गाद्या, धान्य, कपडे सगळं बाहेर. पेटी उघडली तर आत लगदा. वरची काही वर्षं सुकवता आली असती. पण तेव्हा अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही ठेवण्यासारखं वाटलंच नाही. मीच उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली. आबा दारात खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

१८८६ सालचा एक गोरा अधिकारी आमच्या तालुक्याच्या पिकांबद्दल काय म्हणाला, हे मला आज तीन क्लिकमध्ये कळतं. पण आमच्याच गावात उसाचं कर्ज केव्हा वाढलं, कुणाची जमीन गहाण पडली, दुष्काळात किती सभासदांनी हप्ता भरला, हे सांगणारे चाळीसेक अहवाल माझ्या हातानं गेले. त्यांची दुसरी प्रत कुठं आहे का, हे अजून शोधतोय. सोसायटीच्या कपाटात पाच मिळाले. मी फोननं त्यांचे फोटो काढले.

ते तिमाही तक्त्याचं कलम वाचलं तेव्हा मला आबा आठवले, दर मार्चअखेर चिमणीच्या उजेडात रकाने भरणारे.

म्हणून आजचा गृहपाठ, तीन कामं. पहिलं, कुणी जुन्या पानाचा फोटो टाकला तर विचारा : पानाचा माथा कुठाय? पुस्तक कुठलं, साल कुठलं, लिहिलं कुणी आणि कुणासाठी? एवढं कळलं की अर्धं भांडण मिटतं. दुसरं, आपल्या गावाचं नाव चार वेगवेगळ्या स्पेलिंगनी सर्च करा, ‘ए’च्या जागी ‘डी’ टाकूनसुद्धा. काय सापडेल सांगता येत नाही. तिसरं, घरातला माळा बघा. सोसायटीचा अहवाल, तालमीची स्मरणिका, दूध संस्थेचा ताळेबंद, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, काहीही. सगळी पानं सरळ उजेडात धरून फोटो काढा, पीडीएफ करा, नावात गाव आणि साल लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही. मग इंटरनेट आर्काइव्हवर खातं उघडून चढवा. खातं फुकट आहे. लोकांचे खासगी हिशोब, आधार नंबर असलं काही त्यात नाही ना, एवढं आधी बघा आणि संस्थेला विचारा.

आणि हो, आत्या ग्रुपमध्ये परत आली. दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे एकत्र होतो. चकली खाता खाता दादानं मला विचारलं, ‘ते ग्रॅहमचं पुस्तक पाठीव की. आपल्या गडकऱ्यांबद्दल काय लिव्हलंय बघू.’

पाठवलं. अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून.

चला मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर पुराच्या आधी पेट्या वर ठेवा.